नोकरी सोडून भोसरीत व्हीएमसी टाकायचं म्हणतोय, माझ्या हिशेबात भोक कुठे आहे?

जनरल_शिफ्ट

नमस्कार मंडळी. मी चाकणला एका ऑटो पार्ट कंपनीत क्वालिटीला आहे. वय ३४, घर चिखलीत, फ्लॅटचा हप्ता चालू, मुलगी पहिलीत. मेहुणा तळवड्यात व्हीएमसीवर (संगणकाने चालणारं, धातू कापायचं मशीन) सेटर आहे, म्हणजे कामासाठी मशीन लावून देतो, प्रोग्रामिंगही करतो, हात चांगला आहे त्याचा. आम्ही दोघं मिळून शेड भाड्याने घेऊन एक जुनं व्हीएमसी टाकायचं म्हणतोय. फक्त जॉब वर्क. मटेरियल कंपनीचं, मशिनिंग आपलं.

माझं गणित असं आहे. मशीन १२ लाखांत मिळतंय. १० लाख मुद्रातून होतील. सरकारी योजना असल्यामुळे व्याज नावापुरतं असतं आणि तारण लागत नाही असं ऐकलंय. वरचे २ लाख आम्ही दोघं घालू. काम माझ्याच कंपनीतून येईल, परचेसचे साहेब म्हणालेत, "तू सुरू तर कर, काम मी देतो." रेट ४५० रुपये तास ठेवायचा, बाजारापेक्षा जरा खाली, जम बसला की वाढवू. महिन्याचे २६ दिवस, रोज ८ तास, म्हणजे २०८ तास, म्हणजे ९३,६०० रुपये. शेडभाडं २० हजार, मशीनचा हप्ता २२, ऑपरेटर २०, वीज १०, टूल आणि कूलंट १०, टेम्पो ५, किरकोळ ५. खर्च ९२ हजार. म्हणजे पहिल्या महिन्यापासून निदान तोटा तरी नाही. दुसरी पाळी सुरू केली की सुटलो.

उलाढाल ४० लाखांच्या आत आहे, त्यामुळे जीएसटीची भानगड नाही. प्रायव्हेट लिमिटेड करावी म्हणतो, कारण प्रा. लि. लावलं की समोरच्यावर वजन पडतं आणि उद्या काही झालंच तर घरावर येत नाही. मेहुण्याशी लिखापढीची गरज वाटत नाही, घरचाच आहे.

मुख्य कारण सांगायचं तर कुणाची हांजी हांजी नको झालीय. ऑडिटच्या आदल्या रात्री जागायचं ते दुसऱ्याच्या कंपनीसाठी कशाला?

बायको म्हणाली, राजीनामा टाकण्याआधी चार माणसांना दाखव. म्हणून इथे टाकतोय. गोड बोलू नका.

कट्ट्यावरचा

सरळ सांगतो, राग मानू नका. हे आपल्या लोकांचं काम नाही. धंदा रक्तात असावा लागतो. दुपारी १ ते ४ दुकान बंद करून झोपणारी माणसं आपण. हप्ता आहे, मुलगी आहे, गपगुमान नोकरी करा आणि एसआयपी चालू ठेवा.

भोसरीची_वहिनी

आमचं शेड भोसरी एमआयडीसीत आहे. एक सीएनसी टर्निंग सेंटर, दोन व्हीएमसी आणि सासऱ्यांच्या वेळचा एक लेथ, जो विकायचा नाही असा घरात ठराव झालेला आहे. मशीनचं सगळं आमचे हे बघतात. बिलं, चलनं, पगार, बँक आणि वसुली माझ्याकडे. ते लोखंड कापतात, मी फोन करते. म्हणून फीड-स्पीडचं मी काही बोलणार नाही. पैशाचं बोलते.

जनरल शिफ्ट, तुमच्या पोस्टमध्ये पैसे किती येणार हे आहे, कधी येणार हे कुठेच नाही. पगारदार माणसाचा हा सगळ्यात मोठा गैरसमज. काम झालं म्हणजे पैसे झाले असं तुम्हाला वाटतं, कारण आजवर एक तारखेला ते होतच आले.

समजा १ एप्रिलला मशीन सुरू झालं. माल टेम्पोत घालून कंपनीच्या गेटवर पाठवलात. गेटवर नोंद झाली, माल इनवर्डला गेला, तिथे रॅकखाली पडून राहिला. मग क्वालिटीचा कोणीतरी येऊन सॅम्पल बघणार, मग सिस्टीमला जीआरएन, म्हणजे माल स्वीकारल्याची नोंद, पडणार. पेमेंटचे जे ६० दिवस कंपनी ठरवते ते त्या जीआरएनपासून. बिलाच्या तारखेपासून नाही. त्यात पेमेंट महिन्यातून एकदाच सुटतं, समजा १० तारखेला. ७ एप्रिलला जीआरएन झालेल्या मालाचे पैसे १० जूनला पडतील. १२ एप्रिलच्या मालाचे साठ दिवस ११ जूनला भरतात, म्हणजे ते १० जुलैला. एका दिवसाने महिना गेला. एप्रिलचा बहुतेक माल असाच जुलैत जातो.

तोपर्यंत एप्रिल, मे, जून या तीन महिन्यांचं भाडं, ऑपरेटर, वीज, हप्ता, इन्सर्ट (टूलची बदलायची पाती). तुमच्याच आकड्याने ९२ हजार गुणिले तीन, २ लाख ७६ हजार. शेडचं डिपॉझिट वेगळं. जीएसटी नंबर घेतलात (कंपनी घ्यायला लावतेच) तर ९३,६०० च्या बिलावर १८ टक्क्यांनी सोळा-सतरा हजार पुढच्या महिन्यात सरकारला भरायचे. तिमाही योजनेत असलात तरी पैसे दर महिन्यालाच भरायचे. टूलवर, भाड्यावर आपण भरलेल्या जीएसटीचं क्रेडिट वजा होतं, पण कंपनीने तुम्हाला दिले का हे सरकार विचारत नाही. आणि हे सगळं पहिल्या दिवसापासून माल जातोय असं धरून. व्हेंडर कोड (पुरवठादार म्हणून नोंद), सॅम्पल, पीपॅप (पार्ट पास करून घ्यायचे कागद), मंजुरी यात दीड-दोन महिने जातात हे मी तुम्हाला सांगायला नको, ते लांबवणारे तुम्हीच!

म्हणजे मशीन सोडून साडेतीन-चार लाख नुसते फिरवायला हवेत. तुमच्या गणितात त्या रकान्यात शून्य आहे.

आता याच्याच पोटातला दुसरा गैरसमज. लोकांना वाटतं काम मिळालं नाही की धंदा बुडतो. आमच्या ओळीतल्या एका शेडला कुलूप लागलं तेव्हा त्यांच्याकडे दोन पाळ्यांचं काम होतं. मोठं शेड्यूल मिळालं म्हणून आणखी एक मशीन घेतलं होतं, पेढेसुद्धा वाटले होते. माल दुप्पट झाला की इन्सर्ट दुप्पट, पगार दुप्पट, जीएसटी दुप्पट, आणि हे सगळं आज. पैसे अडीच महिन्यांनी. वहीत नफा दिसत होता, खोटा नव्हता तो, पण सगळा कंपनीकडे अडकलेला. पुढे त्यांनी ऑपरेटरचा पगार क्रेडिट कार्डावरून काढला, टूलवाल्याने उधारी बंद केली आणि बँकेचे दोन हप्ते थकले. मशीन ट्रेलरवर चढवताना त्यांच्या टेबलावर पुढच्या महिन्याचं शेड्यूल होतं.

कायदा आपल्या बाजूने आहे, हे खरं. २००६ च्या एमएसएमई कायद्याप्रमाणे सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचे पैसे लेखी करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यायचे, करार नसेल तर १५. उशीर झाला तर बँक रेटच्या तिप्पट व्याज, तेही दरमहा चक्रवाढीने. माल पोचल्यापासून १५ दिवसांत कंपनीने लेखी हरकत घेतली नाही तर माल पोचला त्या दिवशी तो स्वीकारला असं धरतात, म्हणजे जीआरएनची पळवाटसुद्धा कायद्याला मान्य नाही. पण पीओवर, म्हणजे खरेदीच्या ऑर्डरवर, ६० दिवस छापलेले असतात, सगळे सही करतात आणि ६० दिवसच चालतात. सरकारी पोर्टलवर तक्रार करता येते. ज्या कंपनीचं काम उद्याही हवंय तिच्यावर आमच्या ओळीत तरी कोणी केलेली नाही.

मी त्याचा वापर दुसरीकडून करते. उद्यम नोंदणी (लघुउद्योग म्हणून सरकारी नोंद) फुकट आहे (दोन-तीन हजार मागणाऱ्या वेबसाइटवर जाऊ नका), तो नंबर प्रत्येक बिलावर ठळक छापते. २०२३-२४ या आर्थिक वर्षापासून आयकरात अशी तरतूद आहे की आपल्यासारख्यांचं बिल मुदतीत दिलं नाही तर कंपनीला तो खर्च त्या वर्षी धरता येत नाही, पैसे देईल त्या वर्षी धरता येतो. त्यामुळे एरवी फोन न उचलणारे अकाउंट्सवाले मार्चमध्ये स्वतः फोन करून विचारतात, "मॅडम, तुमचं किती पेंडिंग आहे?" तेवढा एक महिना आमची वट असते.

आता रेट. २०८ तास हा कॅलेंडरवरचा आकडा आहे. सेटिंग, टूल बदलणं, पहिला पीस पास होईपर्यंत थांबणं, कास्टिंग वेळेवर न येणं, लाइट जाणं, ऑपरेटर गौरी-गणपतीला गावी जाणं. एका पाळीत बिलात धरता येतील असे १४० तास निघाले तरी मी चांगलं म्हणेन. ९२ हजार भागिले १४०, तासाला ६५७ रुपये पडले. तुम्ही ४५० ला देणार. दोन पाळ्या केल्यात तर खर्च जाईल १ लाख ३२ हजारांच्या आसपास आणि तास २८०, म्हणजे ४७१. तरी अजून ४५० च्या वरच. आणि यात तुमचा दोघांचा पगार कुठेय? मालकाने पगार घ्यायचा नसतो असं कोणी सांगितलं? ४० हजार धरलेत तर ६१४. स्वतःचा पगार खर्चात न धरता "नफा झाला" म्हणणारे भोसरीत पुष्कळ आहेत, आणि त्यांच्या बायका नोकरी करतात म्हणून ते चाललेत.

"आधी कमी, मग वाढवू" हे विसरा. पहिला दिलेला रेट परचेसच्या एक्सेलमध्ये बसतो आणि पुढल्या वर्षी तिथूनच खाली कॉस्ट डाऊन मागतात. वाढ मिळते ती नवीन पार्टला, जुन्याला नाही.

डेबिट नोटचं, म्हणजे खराब मालापोटी बिलातून कापलेल्या पैशाचं, तुमच्याइतकं कोणाला माहीत असणार! पण आजवर ती तुम्ही टेबलाच्या त्या बाजूने पाहिलीत. परवाचंच उदाहरण. एका हाऊसिंगचं बोअर, मजुरी नगाला ८५ रुपये. प्लग गेजची नो-गो बाजू, जी भोकात जायलाच नको, ती एका पीसमध्ये सरळ आत गेली. पीस गेला. आमचे ८५ बुडाले असते तर मी जेवले असते शांतपणे. पण कास्टिंग कंपनीचं, त्याचे ९०० त्यांनी आमच्या बिलातून कापले. म्हणजे त्या एका पीससाठी अकरा चांगल्या पीसची मजुरी गेली. सगळे म्हणतात जॉब वर्कमध्ये मटेरियलचा पैसा अडकत नाही म्हणून जोखीम कमी. मटेरियल तुमचं नसतं, चूक मात्र तुमची असते.

साहेबांच्या शब्दाबद्दल थोडंच सांगते. साहेब बदलतात. आणि नोकरी सोडलेल्या माणसाला किंवा त्याच्या नातेवाइकाला काम द्यायचं नाही असा नियम बऱ्याच कंपन्यांत असतो, तुमच्या एचआरच्या पुस्तिकेत आधी बघा. नसला नियम तरी एकाच गिऱ्हाइकावर शेड उघडू नका.

शेड घेताना स्वस्त भाड्याला भुलू नका. तुम्ही चिखलीचेच, २०२५ च्या फेब्रुवारीत कुदळवाडीत महापालिकेचे बुलडोझर आले तेव्हा काय काय गेलं ते तुम्ही जवळून पाहिलं असेल. ज्यांचं मशीन तिथे होतं त्यांनीही वेळेवर भाडं भरलं होतं. एमआयडीसीतला गाळा असेल तर मूळ प्लॉटवाल्याने पोटभाड्याची परवानगी घेतलीय का ते विचारा. महावितरणचं मीटर कोणाच्या नावावर, मंजूर लोड किती, थकबाकी आहे का, हे डिपॉझिट देण्याआधी.

आणि हांजी हांजी. तुमचा एक साहेब आहे. आमचे मोजायला बसले तर परचेसमधला चोवीस वर्षांचा मुलगा, इनवर्डचा मामा, बँकेतली मॅडम, टेम्पोवाला आणि आमचा ऑपरेटर, ज्याला हे रागावले की संध्याकाळी मी चहा विचारते. ऑडिटच्या आदल्या रात्री आम्हीही जागतो. तुमच्याच कंपनीच्या ऑडिटसाठी.

हिशेबनीस_नारायणपेठ

वहिनी, "वहीत नफा आहे मग खात्यात का नाही" हे मला दर जुलैत विवरणपत्र भरताना पंचवीस लोक विचारतात. तुमची पोस्ट छापून टेबलावर ठेवतो.

मी फक्त कागदांचं सांगतो. जीएसटीची ४० लाखांची मर्यादा माल विकणाऱ्यासाठी आहे. दुसऱ्याच्या मालावर प्रक्रिया करणं ही जीएसटीत सेवा धरतात, आणि सेवेला आपल्याकडे मर्यादा २० लाख. तुमची वर्षाची उलाढाल ११ लाखांच्या आसपास दिसते, म्हणजे कायद्याने पहिल्या वर्षी नंबर लागणार नाही. पण वहिनी म्हणतात तसं कंपन्या नंबराशिवाय व्हेंडर कोड सहसा उघडत नाहीत. शिवाय नंबर असेल तर मशीनवर भरलेल्या कराचं क्रेडिट मिळतं. त्यात एक मेख आहे: जुन्या मशीनचा डीलर पूर्ण किमतीवर कर लावून बिल देत असेल तरच. खरेदी-विक्रीच्या फरकावर कर भरणारा असेल तर पूर्ण किमतीवरचं क्रेडिट तुम्हाला मिळणार नाही. सौदा ठरवतानाच विचारा, १२ लाखांवर १८ टक्के म्हणजे २ लाख १६ हजारांचा प्रश्न आहे. नंबर घेतला की विक्री शून्य असली तरी रिटर्न भरायचं. "काम नव्हतं म्हणून भरलं नाही" यावर रोजच्या हिशेबाने विलंब शुल्क चढतं.

मुद्रा: सरकार पैसे देत नाही, बँक देते, बँकेच्या व्याजदराने. व्याजमाफी नाही, कर्जमाफी तर नाहीच. तारण नाही याचा अर्थ घर-जमीन मागत नाहीत. ज्या मशीनसाठी कर्ज घ्याल ते बँकेकडे नजरगहाण असतं, म्हणजे शेडमध्ये तुमच्याकडे, पण हप्ते थकले तर बँकेचं. तरुण गटात १० लाखांपर्यंत. २० लाखांचा तरुण प्लस गट २०२४ मध्ये आला, पण तो आधीचं तरुण कर्ज फेडलेल्यांसाठी. जुन्या मशीनला बँका का-कू करतात, त्यामुळे आधी शाखेत विचारा, मग टोकन द्या. इसार देऊन बसलेले आणि कर्ज नामंजूर झालेले लोक माझ्याकडे रडत येतात.

पीएमईजीपीचं (नव्या धंद्याला अनुदान देणारी केंद्राची योजना) कोणी सांगेल, तर तिथेही अनुदान हातात रोख मिळत नाही. ते तीन वर्षं बँकेत ठेव म्हणून अडकतं आणि युनिट चालू राहिलं तर कर्जात वळतं होतं. खुल्या गटाला शहरात १५ टक्के, ग्रामीण भागात २५, स्वतःचा हिस्सा १० टक्के. अनुदानासाठी धंदा काढू नका, धंद्यासाठी अनुदान मिळालं तर घ्या.

प्रा. लि. चा हट्ट सोडा. एक रुपयाची विक्री नसली तरी दरवर्षी ऑडिट, वार्षिक फॉर्म, आणि फॉर्मला उशीर झाला तर प्रत्येकी दिवसाला १०० रुपये. "घरावर येत नाही" हे कागदावर खरं, पण छोट्या कंपनीला कर्ज देताना बँक संचालकांची वैयक्तिक हमी घेते. सही केलीत की घर पुन्हा आत. आणखी एक, कंपनीचं नाव नोंदलं म्हणजे ब्रँड आपला झाला असंही लोक समजतात. ट्रेडमार्क वेगळा. तुम्हाला जॉब वर्कसाठी सध्या त्याची गरज नाही.

मेहुणा. भागीदारीत प्रत्येक भागीदार फर्मच्या पूर्ण देण्याला जबाबदार असतो, अर्ध्या नाही. त्याने फर्मच्या नावावर दोन लाखांचे टूल उधार आणले तर दुकानदार सगळे दोन लाख तुमच्याकडून मागू शकतो. आणि भागीदारी नोंदवलेली नसेल तर बाहेरच्याने पैसे थकवले तरी करारावर बोट ठेवून त्याच्यावर दावा लावता येत नाही, १९३२ च्या कायद्यापासून हे असंच आहे. लिहून घ्या: कोणी किती घातले, कोण किती तास देणार, कोणाला किती पगार, सोडताना मशीन कोणाकडे. शेवटचं कलम आधी लिहा. मेहुणा घरचा आहे म्हणूनच लिहा, नाहीतर भाऊबीजेला बहिणीसमोर हिशेब निघतील.

खडकीचा_निवृत्त

कट्ट्यावरचे, रक्ताचं काय घेऊन बसलात. मी खडकीत इंजिनच्या कारखान्यात आयुष्य काढलं. लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकवायचे. सायकलचा धंदा त्यांनी आणि थोरल्या भावाने, रामूअण्णांनी, बेळगावात १८८८ ला सुरू केला. हे मुंबईहून सायकली धाडायचे, रामूअण्णा तिकडे विकायचे आणि लोकांना चालवायलाही शिकवायचे. म्हणजे नोकरी एका हाताने धरलेली होतीच. पुढे लोखंडी नांगर केला तर लोखंडाने जमीन विषारी होते म्हणून शेतकरी हात लावीनात. किर्लोस्करवाडी उभी राहिली ती १९१० मध्ये, सायकलीनंतर बावीस वर्षांनी. लोकांना फक्त १९१० दिसतं.

आणि दुपारी झोपून दुकानं पिढ्यान्‌पिढ्या टिकलीत पुण्यात. उधारी देत नसतील, दुसरं काय.

जनरल_शिफ्ट

सगळ्यांचे आभार. वहिनी, तुमची पोस्ट बायकोला वाचून दाखवली, डेबिट नोटच्या ठिकाणी ती माझ्याकडे बघून हसली. एचआरची पुस्तिका उघडली. नियम आहे. सोडल्यावर दोन वर्षं व्हेंडर होता येत नाही, आणि "जवळचे नातेवाईक" यात मेहुणा येतो. परचेसच्या साहेबांना हे माहीत नसेल असं वाटत नाही.

म्हणजे विषय बंदच करायचा का? की काही मधला रस्ता आहे? मेहुणा फार उतावीळ झालाय, टोकन द्यायला निघाला होता, त्याला थांबवलंय.

कट्ट्यावरचा

बघा, मी काय म्हणत होतो.

भोसरीची_वहिनी

कट्ट्यावरचे, तुम्ही रक्ताचं म्हणत होतात, इथे एचआरच्या पुस्तिकेचं चाललंय.

जनरल शिफ्ट, बंद कशाला करायचा? मशीन विकत घेतल्याशिवाय धंदा सुरू होत नाही, हाही गैरसमजच. भोसरी-तळवड्यात कितीतरी शेडमध्ये रात्री व्हीएमसी नुसती उभी असतात, मालकाला दुसऱ्या पाळीचा माणूस मिळत नाही म्हणून. तासाच्या दराने मशीन मिळतं, वीज त्याची, टूल आणि माणूस आपला. मेहुण्याला हातातलं काम संपवून तिथे उभं राहू दे (त्याच्या मालकाला सांगून, चोरून नको, ओळ लहान आहे, दुसऱ्या दिवशी कळतं). भागीदारीचा कागद आधी करा, नोंदवा, उद्यम काढा, जीएसटी घ्या. तुम्ही नोकरीत राहा, आणि तुमचं नाव कागदावर येणार असेल तर तुमच्या नेमणूकपत्रात दुसऱ्या उत्पन्नाबद्दल काय लिहिलंय तेही वाचा. तासाचे पैसे मशीनवाल्याला दिल्यावर फार काही उरणार नाही. उरलं पाहिजे असंही नाही. खरे तास किती भरतात, रिजेक्शन किती जातं आणि १० तारखेला खात्यात काय पडतं, हे तुमच्या स्वतःच्या आकड्यांत दिसेल. ते आकडे घेऊन बँकेत गेलात तर बँकसुद्धा वेगळं बोलते.

गिऱ्हाइकं तुमच्या कंपनीबाहेरची शोधा, आणि मोठीच हवीत असं नाही. पंप, व्हॉल्व्ह, पॅकेजिंग मशीन, फूड मशिनरी करणारे मधल्या आकाराचे लोक पुण्यात भरपूर आहेत. नग कमी असतात, सेटिंग जास्त लागतं, म्हणून मोठे जॉबवर्कवाले त्यांच्याकडे जात नाहीत आणि रेट बरा मिळतो. मेहुणा सेटर आहे ना, मग त्याचा हात तिथे उपयोगी. हजार नगांच्या शेड्यूलमध्ये सेटरचं कौशल्य पहिल्या दिवशीच संपतं.

पहिल्या भेटीत रेट सांगायच्या आधी तीन गोष्टी विचारा. पेमेंटचे दिवस कुठल्या तारखेपासून धरता? रिजेक्शनला मटेरियल किती टक्क्यांपर्यंत सोडता? आणि ठोक काम असेल तर थोडं ॲडव्हान्स देता का? तिसऱ्याला बहुतेक नाहीच म्हणतील, पण कसं म्हणतात ते बघा. मग तिथून निघताना गेटवर माल उतरवणारा एखादा जुना व्हेंडर गाठा आणि पैसे खरंच कधी पडतात ते त्याला विचारा. परचेस ६० म्हणालं आणि तो ९० म्हणाला तर ९० धरा.

जनरल_शिफ्ट

वहिनी, दुसऱ्या पाळीला मशीन देणारं कोणी ओळखीत आहे का? आणि तासाला साधारण किती घेतात?

भोसरीची_वहिनी

आहेत दोघं-तिघं, व्यनि करते. दर इथे लिहीत नाही, प्रत्येकाचा वेगळा आहे आणि ते सगळे हे वाचतात. मेहुण्याला घेऊन या, सोबत त्याने केलेला एखादा पीस आणि त्याचं ड्रॉइंग आणा, कंपनीचं नाव झाकून. शेडवाला आधी पीस बघतो, मग दर सांगतो.